खरा कागद

—नाई नाई, बसा न भाऊ, थ्या पायरीवर ऊन येते, इकडे सरका. काय सांगून राहिलो होतो म्या? हां, पाहुणे. दहाची मॅच, पाहुणे आले साडेअकराले. मंग बावीस जणायचे हात हातात घेतले, मंग फोटो, मंग बॉलले एक लाथ — थेही हुकली! हासू नका, मोठ्या माणसाले सवय नसते. अन् हा माइकवाला पाहा, अकोल्याच्या गोलकीपरले 'दीवार, दीवार' करून राहिला, अन् बाळापूरवाल्यायनं तीन गोल टाकून ठेवले. जाळीले सुतळी बांधली आहे तिथूनच बॉल पार निंघून गेला एक. आता पंधरा मिनिटं राहिले. तीन गोल फिटतात काय? नाई फिटत. हारला थो घरी गेला, नॉकआउट आहे न हे.

मी अमरावतीचा. सकाळची एसटी धरली, मूर्तिजापूरले चहा घेतला. काहून म्हणजे? नाद आहे फुटबॉलचा. अमरावतीले मॅचा होत नाई काय — होतात, काहून नाई होत! बरोबर पकडलं तुमी. थो पाहा, अकोल्याचा चार नंबर, गुडघ्याले पट्टी बांधली थो — माहा पोरगा. अश्विन. दालमिलमंधी कामाले आहे इथी अकोल्यातच. नाई, घरी येत नाई. आठ वर्सं झाले. मी येतो दरसाल, वरतून पाहतो, निंघून जातो. कधी दिसलो त दोन शब्द बोलते. माह्यावर राग नाई त्याचा. राग मायवर आहे.

तुमी कोणाले सांगनार नाई न? अन् सांगसान त कोणाले सांगसान म्हणा, मले कोण ओळखते इथं. भाऊ, आमच्या फुटबॉल मंडळाचा सेक्रेटरी मीच होतो. आठ वर्सांमांगं, एकोणीस वर्साच्या आतल्या पोरायची स्पर्धा, हेच मैदान, सेमीफायनल. पोरगा असा खेळला का पोलीस भरतीवाले साहेब इचारून राहिले होते, सर्टिफिकेट भेटलं असतं त खेळाडूच्या कोट्यात लागला असता, पक्का. त समोरच्या टीमनं हरकत घेतली. आमी लावला होता महानगरपालिकेचा जन्माचा कागद, इंदूनं, माह्या बायकोनं, रांगेत उभं राहून आणलेला. त्यायनं आणला शाळेचा दाखला. त्याच्यावर पोरगा एका वर्सानं मोठा. कमिटीवाले मले म्हणतात, धर्मपालजी, तुमी त्याच शाळेत क्लर्क, तुमीच सांगा, खरा कागद कोणता?

म्या म्हटलं, शाळेचा.

खरा कोणता होता? सांगतो न. पोरगा साडेचार वर्साचा, घरी राहेच नाई, माह्या सायकलमागं पयत ये. म्हटलं, संगंच नेतो. पह्यलीत टाकला, अन् वय कमी पडे म्हणून रजिस्टरात एक वर्स मागचं सालच टाकलं. अक्षर माहंच भाऊ. सगळेच टाकत तवा, कोणाचं काय बिघडलं? पण कमिटीपुढं कसं बोलू? खोटी नोंद केली म्हणून नोकरी गेली असती. त पोरगा झाला लबाड, दोन सालाची बंदी, अन् माय झाली नकली कागदवाली. घरी येऊन त्यानं मायले इचारलं, काहून आणला असा कागद? थिनं माह्याकडं पाह्यलं. मी खाली पाह्यलं. थिनं माहं नाव नाई सांगतलं. आजलोक नाई सांगतलं. जीव जळते भाऊ, खोटं नाई सांगत.

मार्चात रिटायर झालो मी. आता कोणाचं भेव? सकाळी डबा हातात देऊन इंदू म्हणे, आज सांगजा त्याले खरं काय थे, माही तब्येत काही खरी नाई. तेवढंच म्हणे. सांगनार. आज सांगनारच, म्हणून त—

हे वाजली शिट्टी. हारले. पाहा, मान खाली घालून चालला... नाई, भाऊ, हात नका दाखवू! बसा तुमी! पाह्यलं त्यानं. इकडेच येऊन राहिला.

—ये रे. नाई नाई, पाया नको पडू, घामेजला तू. चांगला खेळला. गोल काय, थे गोलकीपरचे. काय म्हणते? शेवटची? गुडघा? मंग पुढच्या साली नाईच काय? बरं... बरं. आराम कर. हे भाऊ, असेच, बाजूले बसले होते. काय म्हणते? भाऊले काय सांगते, बापानं कमिटीपुढं खरं सांगतलं म्हणून? अरे, कशाचा नेक माणूस, राहू दे न थे आता... माय? बरी आहे. हो, एकदम बरी. नाई, काही निरोप नाई. हा डबा घे, थिनं... मंग नको घेऊ. राहू दे. म्या असंच आलो होतो, मॅच पाहाले. जा तू, तुह्या टीमचे पोट्टे वाट पाहून राहिले. जाय.

...

काय पाहून राहिले माह्याकडं? चार वाजताची एसटी आहे माही. पाय घ्या मांगं, उतरू द्या मले.