चंद्रीनं मला ओळखलं

अरे, घोडी माणसाला चेहऱ्यावरून ओळखते, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. चंद्री ही आमच्या दादाची वरातीची घोडी. दादा गेला, दहाव्याला मी डोकं, मिशी सगळं उतरवलं. तेव्हापासून मी जवळ गेलो की ती लाथा झाडायची. मला वाटलं, दादा गेला आणि मी उरलो, म्हणून चिडली. रागाच्या भरात मालेगावच्या व्यापाऱ्याला फोन करून टाकला, "घोडी घेऊन जा."

त्याच दिवशी घोड्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम गावातली घोडी पाहायला वाशीमहून आल्या. माझी सगळी हकीकत ऐकून, चंद्रीच्या छातीला ठोके मोजायचा पट्टा बांधून म्हणाल्या, "ती चिडली नाही, घाबरलीय. तुझा चेहरा बदललाय. आवाज दे तिला."

दादा गेल्यापासून मी गोठ्यात तोंडच उघडलं नव्हतं. कसंबसं म्हटलं, "चंद्रे, मी हाय व. आपला दादा नाही राह्यला."

तिचे कान वळले. हळूहळू जवळ आली, माझं बोडकं डोकं हुंगलं आणि शर्टाची बाही ओठांत धरून उभीच राहिली. मॅडमच्या मोबाईलवर तिचे ठोके उतरत होते.

"बघ, शांत झाली. मग, विकतोस हिला?"

"मले काय विचारता, मॅडम? पहिले तिले माझी बाही तर सोडू द्या!"