लख्ख घासलेला दगड

माननीय अध्यक्ष महोदय, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या संग्रहालयाचे प्रमुख साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे आणि समोर बसलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

मला भाषण येत नाही. चिटणीस म्हणाले, "काकू, वजनांचं दालन तुमच्या यजमानांनी मांडलं, चार शब्द बोला." म्हणून उभी राहिले. शाळा माझी लवकर सुटली. जे वाचलं ते ह्यांच्या कपाटातलं.

तोळ्याचे ग्रॅम कोणीही सांगेल. पण ज्या मापाचं नावसुद्धा उरलं नाही, त्याचे कसे काढायचे? जमिनीखाली सापडलेला वजनाचा दगडच तोलायचा. ह्यांनी सगळे तोलले. पण त्याआधी बारीक वाळूनं घासून लख्ख केले. हौस! घरात डागाळलेला चमचा खपत नसे, तिथे दगड कसा खपावा? आकडे निघाले, भिंतीवर फलक लागला, खाली ह्यांचं नाव. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा दिला. साहेबांचा स्वभावच तसा.

पुढे कपाटामागे आणखी एक दगड निघाला, घासलेल्यांतल्या एकावर कोरलेली होती त्याच खुणेचा. मातकट, न घासलेला. तराजूत ठेवला तर चांगलाच जड. नुसत्या मातीनं एवढा फरक पडत नाही. हे घरी आले ते जेवायलाच बसेनात.

"अगं, मी वजनच घासून टाकलं. उरलं त्याचे ग्रॅम लिहिले."

"मग उतरवा की तो फलक!"

गेले साहेबांकडे. साहेब, आठवतंय ना? तुम्ही हसून म्हणालात, "अहो, एवढ्यानं कोणाचं अडतंय? पुढच्या वर्षी हा दगड मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू, नेमका तोलून घेऊ, मग बदलू." मनापासूनच म्हणालात. पण ह्यांची प्रकृती तोळामासा झालेली, पुढचं वर्ष काही ह्यांना बघता आलं नाही. दवाखान्यातही एकच धोशा, "त्या दगडाला कोणी हात लावू नका."

म्हणून आज एक मागणं घोकत आले होते. साहेब, जाण्याआधी तेवढा दगड पाठवा, फलक बदला. ह्यांचं नाव पुसलं गेलं तरी चालेल. खोटा आकडा नावावर नको.

आणि इथे येऊन बघते तर समोरच्या मेजावर, फुलांच्या मधोमध, शोभेला तोच दगड ठेवलाय. खूण ओळखली मी. आरशासारखा चकाकतोय. कोणी घासला, विचारत नाही. साहेबांवरच्या प्रेमानंच घासला असणार. ह्यांनीही प्रेमानंच घासले होते.

आता मागायचं काय? तोलायला काही उरलं नाही. फलक राहू द्या.

साहेब, तब्येतीला जपा. तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर माफ करा. तेवढं तरी अजून करता येण्यासारखं आहे.