डाव्या हाताची सही

ताई: ती नवी डबी मग दाखव. आधी सांग, तिसरा भाग संपल्यावर काय होतं?

छोट्या: अगं, चपला तरी काढू दे! कशाचा तिसरा भाग?

ताई: ‘अखेरचं बंदर’चा.

छोट्या: तो सात महिन्यांपूर्वीचा गेम आहे, ताई. त्यानंतर चॅनलवर चाळीस तरी गेम झाले माझे. सगळे कुठे लक्षात राहणार?

ताई: लोकांना तर छातीठोकपणे सांगतोस. मलाही सांग.

छोट्या: जहाज बंदराच्या दाराशी येतं. वादळ होतं. मग दार उघडतं आणि चौथा भाग सुरू. झालं समाधान?

ताई: नाही उघडत.

छोट्या: उघडतं गं. मी बघितलंय.

ताई: काल मागच्या खोलीत बसून खेळले मी. नेटची वायर काढून ठेवली आणि बसले. जहाज दाराशी आलं, वादळ झालं, आणि पडद्यावर पाटी आली. ‘उरलेला गेम उतरवून घेण्यासाठी इंटरनेट जोडा.’ तीन भाग डिस्कवर, पाच भाग त्यांच्या घरी.

छोट्या: हे आता सगळेच करतात. गेम पूर्ण व्हायच्या आधी डिस्क छापून टाकतात. उरलेलं नंतर नेटवरून. त्यात काय एवढं?

ताई: सगळे काय करतात ते मला नको शिकवूस. पंधरा वर्षं हे दुकान चालवतेय. अर्धा गेम विकायचा, उरलेला नंतर. नायकाचे कपडे वेगळे विकायचे. जुनाच गेम रंग लावून पुन्हा आणायचा, म्हणजे शिळ्या कढीला ऊत. ज्या पोरांनी चार वर्षं खपून गेम बनवला, त्यांना तो चालल्यावर घरी पाठवायचं. हे सगळं मला पाठ आहे. मी विचारतेय तू काय केलंस. ही घे चिठ्ठी. आपल्याच फळीवरच्या डबीतली आहे. मोठ्यानं वाच.

छोट्या: ताई...

ताई: वाच रे.

छोट्या: ‘शेवटपर्यंत खेळलो. गोष्ट सुरेख. हात लवकर बसतो. नेट लागत नाही. शेवट चुकवू नका, पोटात तुटतं.’ खाली माझी सही. शेजारी तुझी.

ताई: ‘नेट लागत नाही.’ ही ओळ आपण चिठ्ठीत कुणासाठी घालायला लागलो?

छोट्या: खलाशासाठी.

ताई: आठवतंय म्हणायचं. सहा-सात महिने मालवाहू जहाजावर असतो. समुद्रात नेट नाही, त्याची बायको नाही, कुणी नाही. जाताना आपल्याकडून एकच गेम नेतो. किती चिकित्सा करून नेतो, तुला माहीत आहे. सगळ्या डब्या उलटसुलट करून बघतो आणि शेवटी आपली चिठ्ठी वाचतो. या खेपेला त्यानं ‘अखेरचं बंदर’ नेला.

छोट्या: अरे देवा.

ताई: परवा आला, जहाज दोनच दिवस इथे थांबणार होतं म्हणून. डबी काउंटरवर ठेवली. मी म्हटलं, कसा वाटला? म्हणाला, ‘पहिले तीन भाग छान आहेत. अकरा वेळा खेळलो.’

छोट्या: अकरा?

ताई: सात महिन्यांत दुसरं होतं काय त्याच्याकडे? दर वेळी दाराशी जायचा, पाटी यायची, परत पहिल्यापासून. आरडाओरडा नाही, शिवी नाही. फक्त एवढंच विचारलं, ‘ताई, बंदर लागतं का हो शेवटी?’ मला सांगता येईना. कारण मी तो गेम खेळलेच नव्हते.

छोट्या: तुझा हात प्लास्टरमध्ये होता.

ताई: हो ना. मनगट मोडलं होतं, कंट्रोलर धरता येत नव्हता. आपला नियम काय? दोघांनी शेवटपर्यंत खेळायचं, तेही मागच्या खोलीतल्या मशीनवर, मगच सही. पंधरा वर्षांत एकदाच मोडला मी तो. तू समोर बसून गोष्ट सांगितलीस, हातवारे करकरून. मला वाटलं, खेळल्यासारखंच आहे हे. आणि डाव्या हातानं सही केली. बघ कशी झालीय, कोंबडीच्या पायांसारखी.

छोट्या: मी खेळलो होतो गं.

ताई: छोट्या.

छोट्या: खरंच. शेवटपर्यंत नसेल, पण...

ताई: मागच्या खोलीतलं मशीन माणसासारखं नाही. ते तास मोजून ठेवतं. तुझ्या नावापुढे बघितलं मी काल. एक तास चाळीस मिनिटं. गेम तीस तासांचा आहे.

शिंपीकाका: आहे का कुणी? दोघंही आहेत, वा! धाकटे साहेब आज इकडे कुठे? आमच्या हिच्या मोबाइलवर बघतो बरं का तुमचं चॅनल. फार भरभर बोलता, पण छान बोलता.

छोट्या: नमस्कार, काका.

ताई: या काका. दुकान उघडं टाकून आलात?

शिंपीकाका: शेजारीच तर आहे. कोण नेतंय माझी कात्री? बरं, त्या मासे धरायच्या गेमचा दुसरा भाग आलाय म्हणे. आहे?

ताई: आहे. ही डबी.

शिंपीकाका: आणि चिठ्ठी?

ताई: नाही अजून.

शिंपीकाका: मग राहू दे. मला काय घाई आहे? तुमची दोघांची सही पडली की डोळे झाकून नेईन. मागे मी एकदा बाहेरून घेतला होता एक, मोठी जाहिरात बघून. मासा धरायचा तर आधी गळ विकत घ्या, मग दोरी विकत घ्या. म्हटलं, तलाव तरी फुकट आहे का रे बाबांनो? तेव्हापासून कानाला खडा. चिठ्ठी नाही तर गेम नाही. येतो पोरी. मनगट आता बरं ना?

ताई: बरं आहे, काका.

शिंपीकाका: जपून हो. येतो साहेब.

छोट्या: हं. या.

ताई: ऐकलंस ना?

छोट्या: मुद्दाम बोलावलं होतंस का त्यांना?

ताई: मला तेवढी अक्कल असती तर डाव्या हातानं सही केली असती का? बोल आता. ‘नेट लागत नाही’ हे कुठून आणलंस?

छोट्या: कंपनीच्या पत्रातून. गेमबरोबर कागद येतो. काय काय सांगावं, कशावर भर द्यावा. त्यात होतं, ‘नेटशिवायही खेळता येईल.’ मला वाटलं, ते कशाला खोटं लिहितील?

ताई: आणि ‘पोटात तुटतं’?

छोट्या: तेही.

ताई: तेही कागदातच होतं?

छोट्या: त्यांनी ‘हृदयाला भिडणारा शेवट’ लिहिलं होतं. मी आपलं... आपल्या भाषेत केलं.

ताई: शाबास.

छोट्या: तुला कळत नाही गं, बाहेर काय चाललंय ते! गेम बाजारात यायच्या दोन दिवस आधी माझ्या हातात पडतो. तीस तासांचा गेम, दोन दिवस, त्यात व्हिडिओ करायचा. त्याच सकाळी टाकला नाही तर कुणी कुत्रं बघत नाही. आणि वाईट बोललो की पुढचा गेम आधी येणारच नाही. मग संपलं. मी काय एकटाच आहे का? सगळे तेच करतात. निदान मी मनापासून तरी बोलतो.

ताई: न खेळता मनापासून?

छोट्या: टोमणे मार तू. तुझं दुकान तरी किती दिवस आहे? पुढच्या मशीनला डिस्कची फटच नसणार आहे. गेम विकत घ्यायचाच नाही, महिन्याच्या महिन्याला भाडं भरायचं, आणि त्यांनी काढून घेतला की गेला. तेव्हा या डब्या कुठे लावणार आहेस? मी कुठेतरी पाय रोवायला बघतोय. आपल्या दोघांसाठी.

ताई: आपल्या दोघांसाठी काय रे?

छोट्या: काही नाही. मग सांगतो.

ताई: तुला आठवतं, पहिली चिठ्ठी कधी लिहिली आपण? तू दहावीत होतास. एक बाई मुलाला घेऊन आल्या, तुला विचारलं, ‘हा चांगला आहे का रे?’ तू म्हणालास, ‘बाई, पाण्याखालचा भाग फार रटाळ आहे, पण तो पार केला की मजा आहे.’ त्या हसल्या आणि गेम घेऊन गेल्या. मी तुला म्हटलं, हे लिहूनच ठेव. मला तुझा इतका अभिमान वाटला होता त्या दिवशी! कंपन्यांनी फसवलं तर मला राग येतो, पण झोप लागते. काल झोप नाही लागली.

छोट्या: चुकलं माझं.

ताई: हं.

छोट्या: खरंच चुकलं. मी खलाशाला स्वतः भेटतो. पाया पडतो हवं तर. यापुढे तू म्हणशील तसं. व्हिडिओ उशिरा टाकीन. रोज संध्याकाळी येऊन इथेच बसतो. पूर्वीसारखं, दोन कंट्रोलर, एक पडदा.

ताई: येशील?

छोट्या: शपथ.

ताई: बरं. मग सुरुवात या नव्या डबीपासून करू. दे इकडे. नाव तर बरं आहे. बाजारात यायचाय ना अजून?

छोट्या: पुढच्या आठवड्यात. ती आत्ता नको उघडूस.

ताई: का रे? मशीन चालूच आहे मागे. काकांचे मासे थोडे थांबवू.

छोट्या: ताई, उद्या उघड. मी आधी तुला काहीतरी सांगणार होतो, त्यासाठीच आलो होतो. शांतपणे ऐकून घे.

ताई: एवढं काय आहे डबीत? साप ठेवलायस? अरे, ही तर रिकामीच आहे! बडा घर पोकळ वासा. डिस्क कुठाय?

छोट्या: डिस्क नसते याला. आकड्यांचा कागद असतो. तो मशीनमध्ये टाकला की गेम उतरतो.

ताई: आणि हे दुसरं काय? चिठ्ठी कुणी घातली यात?

छोट्या: तेच सांगत होतो.

ताई: ‘शेवटपर्यंत खेळलो. गोष्ट सुरेख. एकदा बसलात की उठणार नाही.’ हे आपलं अक्षर आहे, छोट्या. तुझं. पण शाईनं लिहिलेलं नाही. छापलंय.

छोट्या: कंपनीवाल्यांना कल्पना फार आवडली, ताई. मी आपल्या चिठ्ठ्यांचा व्हिडिओ केला होता ना, तो त्यांनी बघितला. म्हणाले, लोकांचा आता जाहिरातीवर विश्वास राहिला नाही, असं काहीतरी घरगुती हवं. प्रत्येक डबीत एक चिठ्ठी. दुकानाचं नाव सगळीकडे जाईल. मला वाटलं, तू खूश होशील.

ताई: ही माझी सही आहे.

छोट्या: हो.

ताई: वाकडी. कोंबडीच्या पायांसारखी.

छोट्या: माझ्याकडे फोटो तेवढाच होता. ‘अखेरचं बंदर’च्या चिठ्ठीचा.

ताई: हा गेम मी डोळ्यांनी बघितला नाही. तू?

छोट्या: अजून... पूर्ण बनला नाहीये तो.

ताई: पूर्ण बनला नाहीये. आणि मी तो शेवटपर्यंत खेळलेय.

छोट्या: मी उद्या त्यांच्याशी बोलतो.

ताई: किती छापल्या?

छोट्या: ताई...

ताई: किती डब्यांत आहे माझी सही?

छोट्या: जेवढ्या डब्या आहेत तेवढ्यांत. दुकानांत पोचल्यासुद्धा. आता परत नाही येणार त्या.

ताई: डिस्क घालायला जागा नव्हती त्यांच्याकडे. माझी सही घालायला होती. परक्यानं फसवलं असतं तर पोलिसांत गेले असते. तू तर केसानं गळा कापलास रे.

(ताई स्टूल ओढून फळीपाशी बसते. एकेक डबी उघडून आतली चिठ्ठी काढून फाडायला लागते.)

छोट्या: काय करतेयस? अगं, या जुन्या चिठ्ठ्या खऱ्या आहेत! हे सगळे गेम आपण दोघं खेळलोय!

ताई: मला माहीत आहे.

छोट्या: मग कशाला काढतेयस?

ताई: पुढच्या आठवड्यात कुणीतरी ती छापील चिठ्ठी वाचून फसेल. मग इथे येईल, ही वाचेल. दोन्हींवर तेच अक्षर, तीच नावं. कुठली खरी, हे त्यानं कशावरून ओळखायचं?

छोट्या: शिंपीकाकांना काय सांगशील?

ताई: जे झालं ते.

छोट्या: माझं नाव सांगशील?

ताई: दोन्ही सांगीन. सही मीही केली होती.

छोट्या: मी मदत करू? वरच्या फळीवरच्या काढतो.

ताई: नको. तू ती पाण्याखालच्या भागाची चिठ्ठी घेऊन जा. ही घे. पहिली होती ती. माझ्याच्यानं फाडवणार नाही.

छोट्या: उद्या संध्याकाळी येऊ मी? खेळायला?

ताई: दुकान आठपर्यंत उघडं असतं. कुणीही येऊ शकतं.

छोट्या: आणि खलाशी? तो परत गेला?

ताई: आज सकाळीच गेला. जाताना येऊन गेला.

छोट्या: कुठला गेम दिलास?

ताई: गेम नाही नेला. त्या कोपऱ्यात पत्त्यांचा एक कॅट पडून होता, तो नेला. इथे काउंटरवर पाकीट फोडलं आणि पानं मोजली, एकेक करून. बावन्न भरली, मग खिशात टाकला.