बोटीशी घासाघीस

...आणि वर मलाच विचारतात, शेट, तुम्ही का हो जळता? जळू नको तर काय करू? पडून पडून माझ्या नाकातून निम्मं तळं वाहतंय, आणि तो श्रीपत, माझ्या समोरच्या दुकानातला कापडवाला, माझ्याहून दुप्पट आडवा, चप्पल घालताना भिंत धरणारा श्रीपत... पहिल्याच रविवारी, पहिल्याच झटक्यात, पाण्यावर उभा!

थांबा, नीट सांगतो. खालापूरच्या वाटेवर तळं आहे ना, त्याच्या काठी मुंबईच्या दस्तूरसाहेबानं बाग घेतली. बाग घेतलीस तर आंबे लाव की बाबा! नाही. ह्यानं आणली मोटारबोट. बोटीला मागं लांबलचक दोर, दोराच्या टोकाला धरायला दांडी, आणि पायाखाली सागवानी फळी, रबरी पट्ट्यांची. बोट सुटली की माणूस फळीवर उभा राहून पाण्यावरून सुसाट! साहेबाला किराणा पुरवतो मी. ओळख माझी. 'चल रे, गंमत बघ' म्हणून श्रीपतला तिथं नेला तो मी. आणि उभा कोण? श्रीपत!

साहेब शिकवायचे झकास. 'अरे शेट, पाण्यात उकिडवा बस नी! गुडघा छातीला लाव, हात सीधा ठेव, पण दोर खेचू नको रे बावा! बोट तुला उचलेल!' ऐकायला सोपं हो! पण मिसरूड फुटायच्या आधीपासून गल्ल्यावर बसलेला माणूस मी. समोरच्यानं ओढलं की आपण सैल सोडायचं? मग कर्जतच्या बाजारात दुकान चाललं असतं माझं? गिऱ्हाईक तिकडं ओढतं, आपण इकडं ओढतो, तेव्हा कुठं सौदा मधे येऊन थांबतो! ही अक्कल माझ्या कोपरात मुरलेली. बोटीनं ओढलं की मीही ओढलंच. फळी आभाळात, मी पाताळात, आणि हातातली दांडी? सोडतोय कोण! निम्मं तळं फरफटत गेलो, तुम्हाला सांगतो!

काठावर साजगावच्या कारखान्यातला नागू, तोही आमच्यातलाच फळीवाला, ओरडतोय, 'शेट, वडू नका वो! बोटीसंगं बी भाव करताय काय? आरं, सोडा तो दोर!' आणि सगळा काठ खो खो हसतोय. आणि श्रीपत? उभा!

एकदा विचारलं त्याला, बाबा रे, कसं जमतं? तर म्हणतो, 'दादा, मी पोशीरचा. खाचरातला चिखल सपाट करायला बैलांमागं फळी लावायचे, आणि वजन म्हणून त्या फळीवर मला उभा करायचे. हे तेच की!' घ्या! ह्याच्या बापानं ह्याला वजन म्हणून उभा केला, आणि माझ्या बापानं मला वजनं मोजायला बसवला. बसलो तो बसलोच!

बरं, पाण्यात पडण्याचं दुःख नव्हतं हो. दुःख नंतरचं. सगळे ओलेचिंब काठावर बसायचे, ट्रान्झिस्टर लावायचा, माझ्या पैशाची भजी खायची, आणि गप्पा कसल्या? 'मी वळलो ना, तेव्हा लाट अशी आली...' 'मी कमरेतनं लवलो, म्हनून वाचलो!' भजी माझी, गप्पा त्यांच्या. मला त्यात एक वाक्य हवं होतं हो. 'मी वळलो ना, तेव्हा...' बस, एवढंच!

शेवटी साहेब म्हणाले, ह्या रविवारनंतर बोट मुंबईला जाणार. म्हणजे आज नाही तर कधीच नाही! त्यात आमच्या मंडळी, पारूबाई, हजर. 'बघू द्या तरी, दर रविवारी ओले होऊन येता ते कुठून!' बसलो उकिडवा. समोर बोटीत साहेबाशेजारी कोण? अर्थात श्रीपत. आणि बघतो तर काय... साहेबानं आपल्या डोक्यावरची टोपी काढली आणि श्रीपतच्या डोक्यावर ठेवली! अरे, किराणा मी पुरवतो! उधारीवर! आणि टोपी ह्याला? काय म्हणून? कापडवाल्याला टोपीचा काय तोटा! त्या टोपीकडे बघता बघता दोर ओढायचं विसरलोच की हो मी... आणि काठ सरकायला लागला. झाडं मागं पळायला लागली. खाली बघतो तर फळीखाली पाणी फुर्रर्र! मी उभा! आणि वळलोसुद्धा!

तेवढ्यात बोटीत श्रीपत उठला, टोपी उडवली, 'उभा राहिला रं! आमचा शेट उभा राहिला!' डोळ्यांत पाणी त्याच्या. खरं पाणी, हो! काठाला लागलो, सगळे धावत आले... आणि माझ्या शेजारून पुढं गेले! नागू त्याचे हात धरतोय, 'श्रीपतशेट, मानलं तुमाला! आवो, दगडाला शिकवलंत!' शिकवलं साहेबानं, आणि नाव ह्याचं! साहेब म्हणतायत, 'काय दिलवाला माणूस छे!' आणि आमच्या मंडळी डोळे पुसत, 'भावजींचं मन किती मोठं हो! दुसऱ्याच्या सुखात इतकं कोण नाचतं?' मी म्हटलं, 'अहो, मी वळलो ना, तेव्हा...' ऐकतोय कोण! तो एकटाच ऐकत होता. श्रीपत. 'सांग ना दादा, वळलास तेव्हा काय वाटलं?'

आता काय करायचं ह्या माणसाचं? जरा तरी वाईट असता, तर भर बाजारात जळलो असतो. एवढ्या भल्या माणसावर जळायचं, म्हणजे... दुकान बंद करून, आतून कडी लावून जळावं लागतं हो!