वाऱ्यानं वाजणारा गजर

अळ्यांचा डबा घेऊन मॉरीन मासेमारीच्या सामानाच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढे म्हातारे विल्फ, गल्ल्यावर क्लाइव्ह.

"क्लाइव्ह, गळाची काठी ठेवायला दोन टेकू दे. आणि मासा लागला की वाजतो तो गजर, एकच."

"काठ्या दोन आणि गजर एक?"

"माझ्या काठीवर माझं लक्ष असतं. गजर हिल्डाच्या काठीला."

"काका, पण काकू तर मार्चमध्येच..."

"क्लबनं तळ्यावरची तिची जागा वर्षभर रिकामी ठेवलीय ना. तिथं तिची काठी मांडतो. गळ नाही लावत."

"मग वाजणार कसा?"

"तो कोपऱ्यातला कसाय?"

"तो नको. नुसत्या वाऱ्यानं बोंबलतो. तळ्यावरचे सगळे वैतागतात, काका."

"तिच्यावरही वैतागायचे. तोच दे."