कॉम्प्युटरकडं वळवलेला कूलर

हसू नका, त्या दिवशी माझं खरंच वाटोळं झालं. मोहोळच्या एका लग्नाचा व्हिडिओ द्यायचा होता आणि माझा जुना कॉम्प्युटर जागचा हलेना. सेकंडहँड प्रोसेसर बसवला, वर ओव्हरक्लॉक करून त्याचा स्पीडही वाढवला. पळाला की! पण सोलापूरचा मे महिना. तापून सारखा बंद पडायला लागला. शेवटी कॅबिनेट उघडं टाकलं आणि घरातला एकुलता एक कूलर बाबांच्या खाटेकडून त्याच्याकडं वळवला. कूलरनं वाऱ्याबरोबर पाणीही उडवलं. फट्ट आवाज झाला, स्क्रीन काळी. हार्ड डिस्कसकट अख्खं लग्न गेलं. मी डोकं धरून बसलो.

घामानं भिजलेल्या बाबांनी पडल्या पडल्या विचारलं, "गेलं व्हय?"

"गेलं, बाबा."

"मग आता तरी कूलर हिकडं फिरव की."