दारावरचा निळा कागद

दिव्ना : लागला?

लोव्रे : कुठला लागतोय. टूं टूं टूं. पावणेदहापासून लावतोय. बाबा आठच्या बोटीत बसले का, एवढंच विचारायचंय. टपाल कचेरीतली मेना मावशी कोणाशी एवढं बोलत बसलीय, कोण जाणे.

दिव्ना : कोणाशी बोलत नसेल. तुझं पान उघडत बसली असेल.

लोव्रे : झालं तुझं सुरू.

(स्प्लिटच्या बंदरामागची गल्ली, तिसरा मजला, दोन माणसांचं आणि तीन संगणकांचं कार्यालय. साल २००४, एप्रिलातला बुधवार, सकाळचे दहा वाजून गेलेत. जुगो सुटलाय. या दक्षिणवाऱ्यात इथली माणसं एरवीही वाकड्यातच बोलतात, आणि हे दोघं तर सोमवारपासून भांडताहेत. बेटांवर बोटी नेणाऱ्या कंपनीचं संकेतस्थळ त्यांनी सोमवारी नवं करून दिलं. लोव्रेला ते आपल्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम वाटतं. खरं सांगायचं तर तसं वाटायला त्याला जागाही आहे.)

दिव्ना : सुरू नाही झालं, संपलंच नव्हतं. पहिल्या पानावर एक ओळ टाक म्हटलं होतं. 'साधं पान इथे आहे.' ते पान मी करून ठेवलंय. सर्व्हरवर नुसतं पडून आहे.

लोव्रे : आणि स्पर्धेच्या परीक्षकांनी बघितलं म्हणजे? झाग्रेबचे पाचही जण या आठवड्यात बघताहेत. आपण कोणत्या गटात नाव दिलंय? संपूर्ण हलत्या चित्रांचं स्थळ. त्यात तुझं ते पांढरं पान म्हणजे लग्नाच्या पंगतीत पेज.

दिव्ना : पेज पचते तरी.

लोव्रे : तुझं पान म्हणजे सरकारी नोटीस आहे, दिव्ना. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, खेळ खलास. आमच्या ग्रेबेन बेटावर गेल्या उन्हाळ्यात किती माणसं आली ठाऊक आहे? चाळीस. शाळेत पोरं सहा. कोणाला तरी तिथे जावंसं वाटायला नको? म्हणून लाट हलते, बेटं एकेक करून धुक्यातून पुढे येतात, धक्क्याच्या दिव्यावरून तो एका पायाचा पक्षी उडतो. तो पक्षी खरा आहे. आमच्या बाबांनी माशांची डोकी घालून पोसलाय त्याला. कंपनीच्या संचालकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते बघून.

दिव्ना : संचालकांच्या टेबलावर तू आपला संगणक उचलून नेला होतास.

लोव्रे : मग?

दिव्ना : मग तुझ्या डिस्कवरून चार सेकंदांत उघडलं. फोनच्या तारेवरून तू ते उघडून बघितलंस का?

लोव्रे : सगळ्यांकडे आज ना उद्या जलद लाइन येणारच आहे.

दिव्ना : मी काय विचारलं? एकदा तरी बघितलंस का?

लोव्रे : नाही बघितलं. बास?

दिव्ना : बास. हा घे फॅक्स, मगाशीच आलाय कंपनीचा. ग्रेबेनहून दुपारी दीडला निघणारी बोट आज बाराला निघणार. त्यानंतर जुगो उतरेपर्यंत दोन दिवस काही नाही. बाकीच्या सहा बेटांच्याही वेळा बदलल्यात. टाक तुझ्या त्या सरकत्या पट्टीत.

लोव्रे : टाकतो. अर्धा तास लागेल. सगळं परत बांधून वर चढवावं लागतं.

दिव्ना : एका ओळीसाठी अर्धा तास.

लोव्रे : फोन वाजतोय, तू घे. संचालक असतील तर मी बाहेर गेलोय.

दिव्ना : हॅलो. हो, त्यांचंच कार्यालय. नाही, मला वाटलं ते तुमच्याकडेच... किती वाजेपर्यंत? बरं. नाही, मी सांगते त्याला... लोव्रे, रुग्णालयातून होता. डोळ्यांच्या विभागातली नर्स. तुझे बाबा अजून पोचलेले नाहीत.

लोव्रे : पोचले नाहीत म्हणजे काय? आठची बोट, साडेनऊला स्प्लिट, धक्क्यावरून टॅक्सीने दहा मिनिटं. मी घ्यायला येतो म्हणालो तर माझ्यावरच उखडले. मी काय आंधळा आहे का, म्हणाले.

दिव्ना : उजवा गेलाच आहे ना त्यांचा?

लोव्रे : उजव्याने नुसता उजेड कळतो. डावा वाचवायचाय. अकरा महिने थांबलोय या तारखेसाठी.

दिव्ना : दोनच्या आत दाखल झाले तर उद्या सकाळी घेतील म्हणाली. नाहीतर पुढची तारीख डिसेंबर.

लोव्रे : डिसेंबरपर्यंत तो डोळा राहणार नाही. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय मला. बाबांना मी बोललो नाही.

दिव्ना : परत लाव मावशीला.

लोव्रे : लावतोच आहे. टूं टूं टूं. फुटेल हे यंत्र आता माझ्या हातून.

दिव्ना : ठेव खाली. ठेवल्याशिवाय त्यांचा तरी कसा येईल? बघ, वाजला.

मेना : हॅलो, लोव्रे आहे का तिथे? मी ग्रेबेनच्या टपाल कचेरीतून मेना बोलतेय.

लोव्रे : मावशी, मीच आहे. बाबा कुठे आहेत?

मेना : हे काय, इथे बाकावर बसलाय तुझा बाप, पिशवी मांडीवर घेऊन. तीन तास झाले. तुला कळवायचं नाही म्हणून हटून बसला होता. पण मला काही राहवेना. बोट गेली रे पोरा.

लोव्रे : उशीर केला त्यांनी?

मेना : उशीर? सात वाजता नवा सदरा घालून धक्क्यावर हजर होता तो. बोटच पावणेसातला येऊन गेली. जुगो सुटणार म्हणून लवकर आणली म्हणे. भोंगा ऐकून मी पळत गेले, तोवर दोर सोडलेलासुद्धा. एक माणूस चढलं नाही. रिकामी गेली.

लोव्रे : पण तो बदल पानावर असणार. काल संध्याकाळी फॅक्सवरून सगळ्या बेटांच्या वेळा मी माझ्या हाताने उतरवल्या, ग्रेबेनची कुठली ते बघितलंसुद्धा नाही. लाटेच्या वर पट्टी सरकते, त्यात.

मेना : कसली पट्टी आणि कसलं काय. मी रोज काय करते? सहाला कचेरी उघडते, बोटींचं पान उघडते, छापते आणि दाराच्या खिळ्याला लावते. चार वर्षं झाली. सगळं गाव तो कागद बघून ठरवतं. सोमवारी तुमचं पान म्हणालं, आधी ते प्लग की काय ते उतरवून घ्या. त्यात माझा सोमवार गेला. कालपासून वीस वीस मिनिटं नुसती एक पांढरी रेघ सरकत असते. मग निळा समुद्र येतो आणि एक पक्षी. छाप म्हटलं की तेवढाच छापतो. माझी निळी शाई संपत आली.

लोव्रे : मग बंदराच्या कचेरीने फोन करायला नको होता तुला?

मेना : केला असेल ना. सहापासून करत असतील बिचारे. पण पान उघडतं तेही याच तारेवरून, लाइन तुझ्या समुद्रात अडकलेली. फेब्रुवारीच्या वादळात गावातल्या तारा गेल्या, त्या अजून कोणी जोडल्यात? बेटावर ही एकच जिवंत आहे. मोबाइल टेकडीवर चढल्याशिवाय बोलत नाही. आणि मी खुळी पुनःपुन्हा तेच लावत बसले. म्हटलं, आता तरी दुपारच्या बोटीची वेळ येईल.

लोव्रे : दारावर काय लावलंयस मग?

मेना : समुद्रच लावलाय, कालचा. रिकामा खिळा बरा दिसत नाही. लोक हसले. तुझा बाप नाही हसला. काल संध्याकाळी आला, कागदाला नाक टेकवून बराच वेळ उभा राहिला. मग आत येऊन मला म्हणतो, आठचीच आहे, नीट लिहिलंय पोराने.

लोव्रे : पण त्याच्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

मेना : नव्हतंच. मला वाटलं, थट्टा करतोय. आज सकाळी धक्क्यावर त्याचा चेहरा बघितला तेव्हा उजेड पडला माझ्या डोक्यात. त्याला दिसत नाही रे. आणि पोराने केलेलं पान आपल्याला वाचता येत नाही, हे सांगायची लाज.

दिव्ना : लोव्रे, बस जरा.

लोव्रे : मी ठीक आहे.

दिव्ना : ठीक नाहीयेस. बस.

लोव्रे : मावशी, ऐक. दुपारची बोट बाराला आहे, दीडला नाही. बाबांना हलू देऊ नकोस तिथून. बाराला चढव, मी इथे धक्क्यावर थांबतो. आणि हाताने लिहून दारावर लाव, बोट बाराला म्हणून.

मेना : हाताने लिहिलेलं इथे कोणी मानत नाही. या एक एप्रिलला कोणा शहाण्याने लिहून लावलं, आज बोट फुकट. अर्धं गाव पिशव्या घेऊन धक्क्यावर. तेव्हापासून छापलेलं असेल तरच. आता अकराला लोक मळ्यांतून खायला येतील, तेव्हा बघतील दाराकडे. मास्तर त्या सहा पोरांना घेऊन स्पर्धेला निघालेत. वेलाच्या बाळाला लस आहे. त्यांना काय सांगू, समुद्र बघा?

लोव्रे : तू खालून टपाल कचेरीचा शिक्का मार ना. तेवढ्याने भागेल.

दिव्ना : भागेल. ग्रेबेनचं भागेल.

लोव्रे : तू मध्ये बोलू नकोस.

दिव्ना : बाकीच्या सहा बेटांवरही कोणीतरी मेना मावशी असेल, तिथेही एक खिळा असेल. त्यांचा भाचा इथे बसलेला नाही.

लोव्रे : शुक्रवारपर्यंत, दिव्ना. फक्त दोन दिवस. तीन वर्षं मी इतरांच्या बिस्किटांच्या आणि फरशांच्या जाहिराती हलवल्यात. हे पहिलं माझं आहे.

दिव्ना : मला माहितेय.

लोव्रे : तुला तो पक्षी आवडला होता. खोटं बोलू नकोस.

दिव्ना : आवडला होता. अजून आवडतो. मी कधी म्हटलं वाईट आहे? चांगलं असून त्या दारापर्यंत पोचत नाही, एवढंच म्हणतेय मी.

मेना : पोरांनो, तुमचं भांडण मला सगळं ऐकू येतंय. पावणेअकरा झाले इथे.

लोव्रे : मावशी, बाबा अजून बाकावरच आहेत?

मेना : आहे. माझ्याकडे बघतोय. म्हणजे, माझ्या बाजूला बघतोय.

लोव्रे : तू फोन ठेव. पाच मिनिटांनी पान उघड आणि छाप, मग मला परत लाव. या वेळी समुद्र नाही येणार.

मेना : नक्की ना? नाहीतर परत लाइन अडकून बसेल.

लोव्रे : नक्की. ठेव... दिव्ना, तुझं पुढे आण. माझं काढ.

दिव्ना : काढत नाही. आत ठेवते, एका दुव्यामागे. ज्याला बघायचंय तो बघेल.

लोव्रे : त्या गटातून बाद होणारच आहोत, आत ठेव नाहीतर खिडकीतून फेक. वेळा टाकल्यास?

दिव्ना : टाकल्या. सातही बेटांच्या. दोन मिनिटं लागली.

लोव्रे : अक्षरं मोठी कर.

दिव्ना : एवढी?

लोव्रे : अजून. अजून मोठी. कागदभर बारा वाजलेले दिसले पाहिजेत. अकरा महिने मी त्यांच्या तारखेसाठी रुग्णालयाचे उंबरे झिजवले, दिव्ना. आणि बोट चुकवली मीच. मला इतकी लाज वाटतेय की काय सांगू.

दिव्ना : नंतर वाटून घे. चढवलं बघ.

लोव्रे : संचालक भडकणार. त्यांना लाटा हव्या होत्या.

दिव्ना : आज त्यांची बोट ग्रेबेनहून रिकामी आलीय. मी बोलते त्यांच्याशी. तू नुसता शेजारी उभा राहा आणि तोंड बंद ठेव.

लोव्रे : किती झाली मिनिटं?

दिव्ना : चार.

लोव्रे : परत वीस मिनिटं लागली तर?

दिव्ना : अरे, त्यात लागण्यासारखं काही नाहीच आहे. घे, वाजलाच.

मेना : लोव्रे, अरे चष्मा डोळ्याला लावेपर्यंत उघडलं की. मला वाटलं, काहीतरी बिघडलं.

लोव्रे : छापलंस?

मेना : छापलं, लावलं, मास्तर पोरांना गोळा करायला पळालेसुद्धा. तुझा बाप उठलाय बाकावरून. दाराशी गेलाय. टेकवलं नाक कागदाला.

लोव्रे : त्यांना विचार, दिसतंय का. आणि मावशी, तू आधी सांगू नकोस हं काय लिहिलंय ते.

मेना : मी कशाला सांगू. शिमे, काय लिहिलंय रे? ... बारा म्हणतोय. बोट बाराला. बरोबर आहे ना?

लोव्रे : बरोबर आहे.

मेना : रडतोयस की काय?

लोव्रे : नाही. तू बोल.

मेना : काहीतरी पुटपुटतोय तिकडे. थांब... विचारतोय, पक्षी कुठे गेला.

लोव्रे : पक्षी दिसला होता त्यांना?

मेना : तेवढाच दिसला होता म्हणतोय. बाकी सगळं निळं निळं. दिव्यावरचा लंगडा, लगेच ओळखला म्हणे.

लोव्रे : त्यांना सांग, मी त्याला उडता काढला होता. पण कागदावर तो उडत नाही.

मेना : शिमे, तो म्हणतोय, कागदावर उडत नाही... हं... हं... बरं, सांगते. लोव्रे, म्हणतोय, मग बसलेला काढ.